पेन्सिलीनं लिहिलेलं ‘खाली’

बाई कुणालाही भिंत ओलांडू देत नसत.

हे सांगितलं की लोक हसतात, कारण त्या भिंती गुडघ्याएवढ्याही नाहीत. रायपूरहून गाडीनं दीड तासावर, नदीकाठी, एका फार जुन्या वस्तीचे विटांचे पाये उघडे पडलेत. कुठं वीतभर, कुठं घोट्याएवढे. माणूस सहज पाय टाकून पलीकडे जातो. बाई जात नसत. पन्नास पावलं फिरून दाराच्या जागी येत, उंबरठ्याच्या दगडापाशी जरा थबकत आणि मग आत शिरत. सोबतच्या सगळ्यांनाही तसंच फिरवत. मे महिन्यातसुद्धा.

"भित हाये ते," त्या म्हणत. "भितीवरून उडी मारून कोणाच्या घरात शिरते का माणूस? चोर हायेस का तू?"

एकदा एक मोठे साहेब भिंतीवर बूट ठेवून फोटो काढून घेत होते. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहब, दरवाजा उधर है."

"कौन सा दरवाजा?"

"जिसमें से भले लोग आते हैं."

साहेब हसले आणि पाय काढला. परतीच्या वाटेत गाडीत त्यांनी मला विचारलं, "ये औरत ठीक तो है ना?" मीही हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो आणि आपलीच मान धरून आपल्याला गाडीबाहेर काढावंसं वाटतं.

मी एका सरकारी कार्यालयाच्या नकाशा शाखेत आहे. बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मूळच्या वर्ध्याकडच्या, पण जन्म रायपूरचा, राहायला तात्यापाऱ्यात. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची छाती कुणाची झाली नाही. उंची पाच फुटांच्या आत, अंबाड्यात कायम तीन पेन्सिली खोचलेल्या, आणि पदराच्या गाठीत गुडाखूची, म्हणजे तंबाखूच्या मिसरीची, डबी. दुपारी जेवणानंतर खिडकीशी उभ्या राहून हिरड्यांना गुडाखू चोळत. नव्या पोरींनी नाकं मुरडली की म्हणत, "तुमी मोबाइल चोळता ना दिवसभर? मी दात चोळतो."

हो, ‘चोळतो’. राग आला की त्या स्वतःबद्दलही पुरुषासारखं बोलत. आणि राग त्यांना रोज येई.

मी त्यांना ‘बाई’ म्हणायचो, बाकीचे ‘दीदी’. हिंदीत ‘बाई’ म्हणजे घरकामाची. एक नवे साहेब बदलून आले, त्यांनी पहिल्याच दिवशी माझी हाक ऐकली आणि केबिनमधून म्हणाले, "बाई, जरा चार चाय बोल देना." बाई उठल्या, खाली टपरीवर गेल्या, चार कप स्वतः घेऊन आल्या, साहेबांच्या टेबलावर ठेवले, समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि त्यातला एक कप उचलला. "हाँ, अब बताइए. नक्शा किसको समझना है?"

तेच साहेब पुढं या गोष्टीत येतात. ते तो चहा विसरले नाहीत.

मी शिकलो हिंदी शाळेत. वडील गुढियारीच्या मालधक्क्यावर होते, घरी बोलणं मराठी, पण लिहिणं-वाचणं शून्य. बाईंच्या हे लक्षात आलं ते मी त्यांच्या एका चिठ्ठीवरचं ‘विटाळ’ हे ‘विटाल’ असं वाचलं तेव्हा. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शिक्षा सुरू. डबा संपला की रद्दीच्या कागदावर पन्नास वेळा ‘ळ’. मी तेव्हा तिशीचा, एका पोरीचा बाप.

"बाई, काय गरज आहे हो? ऑफिस तर हिंदीत चालते."

"तुया मायनं तुले कोणत्या भाषेत रागावलं?"

"मराठीत."

"मंग ते वाचता आलं पायजे तुले."

सहा महिन्यांत मी त्यांच्या टिपणवह्या वाचू लागलो. वर्षभरात लिहू लागलो. आज हे जे लिहितोय ते त्या रद्दीच्या कागदांवर शिकलेलं आहे. हे ध्यानात ठेवा, कारण मी पुढं सरकारी कागदावर याच्या उलट लिहून दिलेलं आहे.

बाईंची काम करायची एक रीत होती, आणि ती दुसऱ्या कुणाला जमली नाही. दिवाळी उलटली की बाई त्या नदीकाठच्या जागी जायच्या आणि मोकळ्या मैदानात गवत बघत बसायच्या. नुसतं गवत. सकाळचं तिरपं ऊन, मांडीवर फळी, फळीवर कागद. जमिनीच्या पोटात विटांची भिंत असली की तिच्यावर मातीचा थर पातळ असतो, ओल टिकत नाही, म्हणून तिथलं गवत आधी पिवळं पडतं. आजूबाजूचं हिरवं राहतं. हे सगळं मिळून पंधरा-वीस दिवस दिसतं. नंतर सगळंच वाळतं.

"पाय इकडं," त्या म्हणाल्या होत्या. "हे पिवळी रेघ कुठवर गेली?"

"त्या बोरीपर्यंत. मग वळली."

"वळली म्हंजे?"

"कोपरा आहे, बाई. खोली आहे."

"कुठं हाये?"

"खाली."

"मंग लिही ना. बोंबलत काहून बसला?"

मी पेन्सिलीनं तुटक रेघ ओढली आणि चौकोनात लिहिलं, ‘खाली’. त्याच नकाशावर आणखी दोन चौकोन होते, त्यांत बाईंनी लिहिलेलं ‘खाली’. तिसरं माझ्या हातचं. बाईंचा नियम साधा होता. अंदाजाचं ते पेन्सिलीनं आणि मराठीत, स्वतःसाठी. खात्री झाली की शाईचा नकाशा, हिंदीत, साहेबांसाठी. शाईच्या नकाशावर त्या ‘भूमिगत दीवार’ असं ठळक लिहीत. दरवर्षी गवत पुन्हा पाहून, तीन वर्षं रेघ जुळली तरच शाई. त्या मैदानाची तिसरी खेप झाली होती. शाई बाकी होती. तेवढ्यात बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या.

त्याला आता चार वर्षं झाली.

त्या वर्षी ठरलं की नदीकाठचा सांस्कृतिक महोत्सव ‘भव्य’ करायचा. आधी तो लहान असायचा. एका बाजूला तंबू, पंडवानीचं गाणं, पंथीचा नाच, चार दुकानं तांदळाच्या चिला-फऱ्याची. आता मुंबईची गायिका येणार होती, म्हणून मोठा मंच, लोखंडी मनोरे, जनरेटर, पाहुण्यांना सोफे. बैठक बोलावली. साहेबांनी मला सांगितलं, मैदानाचा जो असेल तो नकाशा आण. शाईचा नव्हता. मी बाईंच्या टेबलाचा खण उघडला आणि पेन्सिलीचा नेला.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. मंडपवाला कंत्राटदार, वीज खात्याचे दोघं, आणखी तीन-चार जण वाकून बघत होते. साहेबांचं बोट फिरत फिरत त्या चौकोनांवर आलं.

"अरे वाह. ये तो लिखा ही हुआ है. खाली, खाली, खाली. यानी ये पूरा हिस्सा खाली पड़ा है?"

मराठी येणारा त्या खोलीत मी एकटा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खुशीत होते. त्या माणसानं दोन वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. "बताइए, खाली है ना?"

मी म्हणालो, "हव साहब, खाली है."

लोक विचारतील, धमकी होती का? बदलीची भीती? नव्हती. मला फक्त ती खुशी मोडायची नव्हती. बैठक लवकर संपावी असं वाटत होतं. आणि निघताना साहेबांनी ‘फॅमिली को भी लाइए’ म्हणून पुढच्या रांगेचे तीन पास माझ्या हातात ठेवले, ते मी घेतले. बास, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मला स्वतःचा इतका संताप आला नसता. कितीतरी दिवस मी मनाशी एक घाणेरडी वकिली करत होतो, की मी खोटं कुठं बोललो? भिंत खालीच आहे. मी म्हणालो, खाली है. हिंदीत ऐकणाऱ्यानं रिकामं ऐकलं, त्याला मी काय करू? असली वकिली माणूस फक्त स्वतःपुढंच करू शकतो.

महोत्सवाच्या पहिल्या दिवशी दुपारी मी बायको-पोरीला घेऊन गेलो. कार्यक्रम संध्याकाळी होता, पण पोरीला दुकानं बघायची होती. लाउडस्पीकरवर कुणीतरी "हॅलो, चेक, चेक" करत होतं आणि मधूनच "हमारी गौरवशाली विरासत" म्हणत होतं. तिथल्या जुन्या विटांच्या देवळाला जांभळे दिवे बांधले होते. उघड्या भिंतींवर लोक ओळीनं बसून भजी खात होते आणि कागद तिथंच टाकत होते. एका उंबरठ्यावर ‘सेल्फी पॉइंट’ची चौकट उभी केली होती. आणि मंचाच्या मागं, जिथं मनोऱ्यांसाठी खड्डे घेतले होते आणि मशीननं केबलचा चर मारला होता, तिथं विटांचा ढीग पडला होता. ताज्या तुटलेल्या, आतून लालभडक विटा. हातभर लांब, बाजारात मिळत नाहीत अशा. मंडपवाल्यांनी त्यातल्या चांगल्या निवडून मंचाच्या पायांखाली टेकू दिले होते.

मी ते पाहिलं आणि पोरीला म्हणालो, "चल, फरा खाऊ."

तेवढ्यात बाई दिसल्या. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, पायात चप्पल, हातात कापडी पिशवी. एसटी तिकडं नाही, खासगी बसनं आल्या असणार. एवढ्या गर्दीतसुद्धा त्या भिंतींना वळसा घालून दाराच्या जागेतूनच येत होत्या, आणि लोक त्यांना धक्के देत भिंतींवरून उड्या मारत जात होते. ढिगापाशी आल्या. वाकल्या. एक वीट दोन्ही हातांनी उचलली, हात फिरवला, परत ठेवली. मग खड्ड्यात डोकावल्या.

"कोणं फोडली?" त्यांचा आवाज फाटला. "अरे, कोणं फोडली भित?"

साहेब सोफ्यांची मांडणी बघत होते. ते आले. बाईंनी त्यांच्या बाहीला धरलं. सरकारी नोकरीत मी असं दृश्य दुसरं पाहिलं नाही.

"साहब, पूरा कमरा था नीचे! पूरा कमरा! किसने बोला खोदने को?"

"दीदी, हाथ छोड़िए." साहेबांनी मोबाइल काढला, नकाशाचा फोटो मोठा करून त्यांच्या चष्म्यासमोर धरला. "आपका ही नक्शा है. आपने ही लिखा है. खाली."

बाईंनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल झालेला होता. त्यांनी नकाशा पाहिला. मग त्यांना उमगलं. मला ते उमगताना दिसलं. त्यांनी मान वळवून आजूबाजूला पाहिलं आणि माझ्यावर नजर थांबवली.

"तुले तं मराठी येते ना रे?"

मी म्हणालो, "मेरे ध्यान में नहीं आया, दीदी."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी हिंदीत बोललो तो पहिला प्रसंग. ‘दीदी’ म्हटलं तोही. बाईंनी काळा चष्मा चढवला आणि त्या ढिगावर बसल्या. संध्याकाळी पोलिसांनी उठवेपर्यंत तिथंच बसून होत्या. मी पुढच्या रांगेत होतो. गायिका छान गायली. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

परतताना पोरीनं मागच्या सीटवरून विचारलं, "पापा, आप उनसे हिंदी में क्यों बोले?" माझी पोरगी स्वतः मराठीला हिंदीतच उत्तर देते. तिच्यासुद्धा ते कानाला लागलं. तिच्या आईनं तिला गप्प केलं.

पुढं चौकशी झाली, कारण कुणीतरी विटांचे फोटो मोबाइलवर फिरवले होते. चौकशीत एकच प्रश्न होता, ‘खाली’ या शब्दाचा अर्थ कुणाला माहीत होता? मला लेखी जबाब मागितला. साहेबांनी कच्चा मसुदा स्वतः सांगितला, मी उतरवून घेतला आणि सही केली. ‘मेरी मातृभाषा मराठी है, परंतु मुझे मराठी पढ़ना-लिखना नहीं आता.’

त्याच कागदासोबत फायलीत तो नकाशा होता, ज्यावरचं एक ‘खाली’ माझ्या अक्षरात आहे. बाईंनी एवढंच म्हटलं असतं की हे अक्षर कुणाचं ते बघा, तर मी त्याच दिवशी उघडा पडलो असतो. त्या म्हणाल्या नाहीत. निकाल आला. ‘नक्शे में भ्रामक प्रविष्टि.’ बाई निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या करारावर होत्या. करार पुढं चालला नाही. गवताचे सगळे नकाशे, किती वर्षांचे कोण जाणे, पोत्यात भरून जिन्याखाली टाकले. ‘भ्रामक’ या शब्दाची प्रत बाईंच्या हातात मी दिली. पोचपावतीवर सहीसुद्धा घेतली.

आणि मला बाईंचाच राग येत राहिला. चार वर्षं. गप्प राहून त्यांनी मला काय दिलं? भांडल्या असत्या, चारचौघांत थोबाडीत मारली असती तर मी सुटलो असतो. तात्यापाऱ्यातून जायचं टाळण्यासाठी मी रोज दीड किलोमीटर लांबून ऑफिसला जात होतो आणि पेट्रोलचे पैसे त्यांच्यामुळं जातात असं म्हणत होतो.

यंदा कळलं की त्याच मैदानावर मंच आता कायमचा होणार. सिमेंटचा, पक्का, पायऱ्यांसकट. आधार तोच चौकशीचा जुना कागद. बाईंच्या नोंदी ‘भ्रामक’ ठरल्या, म्हणजे बाकीची जागा रिकामीच आहे असं चौकशीतच सिद्ध झालंय, असं फायलीत लिहिलंय. म्हणजे जे उरलं होतं तेही जाणार, आणि बाईंच्या नावावर जाणार.

मी खरं काय घडलं त्याची चार पानं लिहिली, मराठीत, आणि बाईंच्या घरी गेलो. भांड्यांच्या दुकानावरची खोली. त्यांनी दार उघडलं, ओळखलं, आणि दारातून बाजूला झाल्या. ये म्हणाल्या नाहीत. एक डोळा गेल्यात जमा आहे. भिंग धरून चारही पानं वाचली. दोन ठिकाणी पेन्सिलीनं दुरुस्ती केली.

"शुद्धलेखन बरं हाये," त्या म्हणाल्या. "पण मले काहून वाचाले देऊन राहिला? मले हे माहीत नाही काय?"

"बाई, माफी..."

"ठेव तुयी माफी. माफी घेऊन मी काय करू, लोणचं घालू?"

"तेव्हा माझं नाव का नाही सांगितलं तुम्ही?"

"मी काहून सांगू? तोंड तुले होतं ना?" त्यांनी पानं माझ्या अंगावर टाकली. "आठ दिवस वाट पायली मी. आज येईन, उद्या येईन, सायबाले सांगन. रोज या जिन्यावर कोणाचा पाय वाजला का मले वाटे, आला. मंग सोडून देलं."

मी पानं गोळा करत होतो.

"हे हिंदीत लिही," त्या म्हणाल्या. "आन जिथं खोटं बोलला तिथं वाचून दाखव. माया घरात येऊन काय खरं बोलतो, मोठा आला." आणि दार लावताना म्हणाल्या, "मैदान कोणतं बनवून राहिले? तेच?"

"तेच."

"मंग उभा काहून हायेस?"

बैठक पुढच्या सोमवारी होती. तेच साहेब, आता मोठ्या खुर्चीत. पक्क्या मंचाचं रंगीत चित्र पडद्यावर होतं. मी उभा राहिलो. टेबलाची कड धरली.

"साहब, वो जगह खाली नहीं है. नीचे कमरे हैं. नक्शे में जो ‘खाली’ लिखा है, वो मराठी का है. उसका मतलब है नीचे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपको तो मराठी पढ़ना नहीं आता था? लिखकर दिया था आपने."

"आता है साहब. तब भी आता था. वो झूठ लिखा था."

कंत्राटदार पाण्याची बाटली उघडता उघडता थांबला.

"आप समझ रहे हैं, क्या बोल रहे हैं? नौकरी जा सकती है."

"हव साहब. इसको मिनट्स में लिखवा दीजिए."

इतिवृत्त टाइप करणाऱ्या मॅडमनी बोटं उचलून साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "ये मत लिखिए. आगे बढ़िए. सोफे कितने आएँगे?"

मी बसलो नाही. बैठक संपेपर्यंत उभा होतो. दुसऱ्या दिवशी त्या चार पानांचा हिंदीत केलेला अर्ज आवक टेबलावर दिला, त्यांनी घ्यायला नकार दिला, मी पोस्टानं रजिस्टर करून पाठवला. शुक्रवारी इतिवृत्त आलं, पाच पानी. गायकांची यादी आहे, फुलांच्या कमानी आहेत, पाहुण्यांना कोणत्या रंगाचं उपरणं द्यायचं तेही आहे. माझं एक अक्षर नाही. मला नोटीससुद्धा आलेली नाही. नोटीस दिली तर ते कागदावर येईल ना.

म्हणून इथं लिहितो. नकाशा बरोबर होता. मला विचारलं होतं, आणि मला अर्थ माहीत होता.